बाराला शेवटची बाटली

"अहो, किमतीतली तीन शून्यं राहिली तुमची."

दोहवानं हे लिहिलं आणि किंबापचा, म्हणजे शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीचा, तुकडा तोंडात टाकला. कोरियातल्या जनजू शहरातल्या त्या गेम कंपनीत जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली पळायचे, ही मात्र आपल्याच खेळात भटकायची. तलवारी, राक्षस, चेटक्यांचा जुना ऑनलाइन खेळ. त्यातली महागाई आवरणं हे दोहवाचं काम. राक्षस मेला की नाणी पडतात. ती येतात कुठून? कुठूनच नाही. म्हणून ती कुठंतरी जिरवावी लागतात – तलवारीची डागडुजी, होडीचं भाडं, बाजारकर. नाहीतर एका पावाला पोतंभर नाणी मोजायची पाळी येते. थोडक्यात, लोकांचे खिसे हलके करायचे आणि वर शिव्या खायच्या.

त्या दुपारी ती एका ओस बंदरात शिरली होती. पाऊस भुरभुरत होता. धक्क्यावर एकच माणूस दुकान मांडून बसलेला, पुढ्यात जखमेच्या औषधाची एकच बाटली. किंमत बारा नाणी. बाकी सगळीकडे ती बारा हजारांना जात होती. घाईत शून्यं गाळून मग डोकं धरून बसणारे तिनं पुष्कळ पाहिले होते.

"राहिली नाहीत," उत्तर आलं. "बाराच."

"अशानं लोकांना फसवणूक वाटेल. कुणी हात लावणार नाही."

"नाहीच लावत... तुम्ही घेताय का, बांगडेबाई?"

दोहवाला हसू आलं. खेळात तिनं नाव घेतलं होतं 'भाजकाबांगडा'. त्याचं होतं 'ओलाकोट'.

ती पंधरा म्हणाली, तो बारा. ती हजारावर गेली, तो बारावरच. गिऱ्हाईक भाव चढवतंय आणि दुकानदार अडून बसलाय, असली उलटी घासाघीस! दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग रोजच जाऊ लागली. एकदा त्यानं विचारलं, अहो-जाहो सोडूया का? तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या... आणि 'सोड' एवढंच लिहिलं. कान गरम झाले होते.

काही गोष्टी मात्र विचित्र होत्या. खाडीवरचा पूल झाला का, असं तो सारखा विचारायचा. पूल होऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्या पुलामुळंच तर बंदर ओस पडलं होतं. चिडवतोय मेला, असं तिला वाटायचं. पण ओल्या फरशीवर तिची सावली पडे, त्याची पडत नसे. हल्ली तर तिनं खेळ उघडण्याआधीच हेडफोनमध्ये पावसाचा आवाज सुरू झालेला असायचा.

तशात टीमनं तिचीच सूचना मंजूर केली. गुरुवारपासून प्रत्येक दुकानाला जागेचं भाडं. ज्याला भरता येणार नाही, तो मालासकट पुसला जाईल. ओलाकोटच्या थैलीत एकही नाणं नव्हतं. त्याला सूट मिळेल का, असं तिनं खाती सांभाळणाऱ्या इन्सुकला विचारलं. इन्सुकनं ते खातं उघडून पाहिलं.

"हे खातं घरच्यांनी कधीच बंद करून घेतलंय. मृत्यूचा दाखला देऊन," तो म्हणाला. "पूल होण्याआधीच, दुकान मांडलेलं असतानाच गेला बिचारा. माल संपेपर्यंत आपल्याकडे दुकान उठत नाही ना, म्हणून चित्र तेवढं उरलंय. ते काही बोलत नाही, दोहवा."

दोहवाच्या अंगावर सर्रकन काटा आला.

बुधवारी दुपारी ती तरीही गेली. भीतीपेक्षा ओढ मोठी होती.

"उद्या तुला पुसून टाकतील. तो नियम माझाच आहे."

पावसात अक्षरं उमटली.

"मग घे ना बाटली."

"घेतली की दुकान उठेल. तू जाशील."

"बसून बसून पाय आखडलेत गं... रोज भाव करतेस आणि घेत का नाहीस?"

"घेतली असती तर दुसऱ्या दिवशी यायला निमित्त काय उरलं असतं?" तिनं लिहून टाकलं. "आवडतोस तू मला."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "बारा नाण्यांसाठी कुणी एवढी घासाघीस करतं का? मलाही तुझीच वाट बघायची सवय झाली होती."

दोहवानं बारा नाणी मोजली. दुकान मिटलं आणि तो उठून उभा राहिला. पहिल्यांदाच. कोट निथळत होता.

"पूल दाखवतेस?"

दोघं शेजारी शेजारी चालली. पुलावर धुकं होतं. मध्यावर पाऊस थांबला. तिनं वळून पाहिलं तर शेजारी कुणी नव्हतं. तिनं हाक मारली... पुन्हा मारली. कॉफी घेऊन ऑफिसात परतणाऱ्या सहकाऱ्यांची कुजबुज ऐकू आली, तेव्हा तिनं घाईनं डोळे पुसले. मग उरलेला पूल ती एकटीच चालली.

पलीकडच्या टोकाला टोल घेणारा शिपाई उभा होता. माणशी शंभर, हा टोलही तिनंच बसवलेला. शिपाई म्हणजे नुसतं बाहुलं. त्याला ना दया ना गंमत. समोर असतील तेवढी डोकी तो मोजतो.

"दोघांचे दोनशे," शिपाई म्हणाला.

दोहवानं दोघांचे भरले.