टाच मोजणारा माणूस

जर्मनीतल्या येनात जानेवारीत फरशीवरचा बर्फ दिसत नाही, म्हणूनच तो दगा देतो. यामिनी ट्राम पकडायला धावली, पाय सटकला आणि तोंडून निघालं, "आई गं!"

तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला.

"सांभाळा! मनगट मोडलं असतं ना."

चक्क मराठी! तिने वर पाहिलं. उंच, सावळा, चष्म्यावर वाफ धरलेला...

"उज्ज्वल. नागपूरचा," तो म्हणाला. "हाडांवर काम करतो, म्हणून आधी मनगट आठवलं. एरवी लोक नाव विचारतात."

"मग विचारा की."

त्याने विचारलं. ट्राम कधी निघून गेली, दोघांनाही कळलं नाही.

उज्ज्वलच्या संस्थेत टाचेवरून हाडांची घनता मोजणाऱ्या एका नव्या यंत्राचा अभ्यास चालू होता. वर्षाच्या अंतराने दोनदा मोजून घ्यायला तरुण बायका हव्या होत्या. भिंगांच्या कंपनीत काम करणाऱ्या यामिनीने लगेच नाव दिलं. उज्ज्वल आवडला होता, हे खरं. पण तेवढंच कारण नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी तिच्या आईचं, गयाबाईंचं, न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. वय अवघं सत्तावन्न. 'वय झालं की व्हायचंच' म्हणून घरच्यांनी विषय मिटवला. हाडं आतून विरळ होत चालली होती का, हे कुणी तपासलंच नाही. नाव देताना तिने हे उज्ज्वललाही सांगितलं.

"मोजे काढा," तपासणीच्या खोलीत उज्ज्वल म्हणाला.

"पहिल्याच भेटीत?"

"दुसऱ्या," तो हसला. यंत्रावरचा आकडा पाहिला आणि हसू मावळलं.

"काय झालं?"

"मला सांगता येत नाही. डॉक्टरांचं पत्र येईल." तो चाचरला. "आणि... वर्षभर आपल्याला भेटता येणार नाही. मोजणाऱ्याने अभ्यासातल्या माणसाशी ओळख वाढवायची नाही, असा आमचा नियम आहे."

"आणि मी नाव मागे घेतलं तर?" तिने हसत विचारलं.

"तर आजच कॉफी—" तो पटकन बोलून गेला. मग हळूच म्हणाला, "पण नका घेऊ. आपल्याकडच्या बायका या अभ्यासात जेमतेम चार आहेत. तुमच्या आईंना वेळेवर कुणी सांगितलं असतं तर..."

आईचं नाव निघालं तेव्हाच तिचं ठरलं. तिने पुढच्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावर सही केली.

पत्र आलं. आजार नव्हता, पण हाडांची घनता वयाच्या मानाने कमी होती, आणि ड जीवनसत्त्व तर पार तळाला. ऊन मिळेल तेवढं घ्या, भरभर चाला, वजनं उचला, आहारात कॅल्शियम वाढवा, गोळ्या चुकवू नका. यामिनीने लिफ्ट सोडली, नाचणीची भाकरी शिकली आणि फोनवरून आईच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी गयाबाईंनी तपासणी करून घेतली. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, निघाला, उपचार सुरू झाले.

सगळं मार्गी लागलं. मन तेवढं लागेना. रोज संध्याकाळी ती 'झाले' नावाच्या नदीकाठी चालायला जायची. हाडांसाठी, असं स्वतःला बजावायची आणि समोरून येणारा प्रत्येक चष्मेवाला न्याहाळायची.

चौदा एप्रिलला मराठी मंडळी जयंतीला एका सभागृहात जमली. उज्ज्वल खीर वाढत होता. तिच्यापाशी आला, "जय भीम" म्हणाला आणि न विचारता आणखी एक डाव तिच्या वाटीत ओतला.

"पुरे!"

"दूध आहे त्यात," एवढंच पुटपुटून तो पुढे सरकला. यामिनीने ती खीर घोट घोट करून संपवली. घरी येऊन मात्र ढसाढसा रडली. एवढ्याशा ओळखीचा माणूस एवढा हवासा का वाटावा?

उन्हाळा गेला, पानं झडली, पुन्हा जानेवारी आला. यामिनी तिचा ठेवणीतला निळा कुर्ता घालून तपासणीला गेली. खोलीत एक जर्मन बाई बसली होती.

"उज्ज्वल? सोमवारीच या अभ्यासातून बाहेर पडले. शोधनिबंधातही त्यांचं नाव नसेल."

यामिनी मोजे काढू लागली. म्हणजे तो आपल्याला टाळतोय? टाच मोजून झाली. पडल्या चेहऱ्याने ती बाहेर आली, तर व्हरांड्यात तो उभा.

"वर्षाची मेहनत का सोडलीत?" ती जवळजवळ भांडलीच.

"तुमची टाच मोजताना माझा हात स्थिर राहिला नसता. आकडा चुकला असता." तो खाली पाहत होता. "फॉर्ममध्ये कारण लिहावं लागतं. लिहिलं... अभ्यासातल्या एका व्यक्तीशी जवळचे संबंध आहेत."

"संबंध? अहो, वर्षभरात आपण धड चार वाक्यं बोललो नाही!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. सहा वर्षं या देशात आहे, फॉर्मवर पहिल्यांदाच खोटं लिहिलं." त्याने वर पाहिलं. "तुम्ही म्हणाल तर... आत जाऊन दुरुस्त करून येतो."

तो खरंच दाराकडे वळला. यामिनीने त्याची बाही धरली.

"त्यात कधीपासून ते विचारलंय का?"

"हो. या सोमवारची तारीख घातली."

"मग तेवढी दुरुस्त करा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "गेल्या जानेवारीची घाला."