कॉफी निवतेय, अबू रामी

टॅक्सी लष्कराच्या तपासणी नाक्यावर अडकून चाळीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात शेजारच्या प्रवाशाचा डबा घसरून शुरूकच्या मांडीवर पडला, झाकण उघडलं, आणि आतून तीन कवळ्या तिच्याकडे बघून हसल्या.

ती किंचाळलीच.

"माफ करा हं... माझ्या नाहीत त्या!" शेजारचा तरुण गडबडला.

"दिसतंय ते. तुमचे दात शाबूत आहेत... अजून तरी."

टॅक्सीतले बाकीचे पाचही जण खो खो हसले. तरुणाचं नाव नाएल. नाबलुसमध्ये त्याचं कवळ्या बनवायचं छोटंसं दुकान होतं, आणि हा माल रामल्लाच्या एका दंतवैद्याकडे पोहोचवायचा होता. बाहेर फेब्रुवारीचा बारीक पाऊस काचेवरून ओघळत होता, आणि शुरूक दर मिनिटाला घड्याळ बघत होती.

"घड्याळाकडे बघून गाडी हलत नाही," नाएल म्हणाला.

"अकराला मुलाखत आहे माझी."

"नोकरी?"

"शिष्यवृत्ती... स्कॉटलंडला, दोन वर्षं." ती अगदी हळू बोलली. मोठ्याने बोललं तर नशिबाला ऐकू जाईल, अशी तिला भीती होती. शिष्यवृत्ती निर्वासित छावण्यांतल्या मुलांसाठी होती, आणि शुरूक अल-फारआ छावणीतली. तिला पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायचं होतं.

नाएलने तिन्ही कवळ्या आपल्या बॅगेवर ओळीने मांडल्या. "हे तुमचे परीक्षक. मधले अध्यक्ष, जरा खडूस आहेत. ते विचारतायत, आम्ही तुम्हालाच का निवडावं?"

ती हसली. मग हसता हसता थांबली आणि खरंच उत्तर देऊ लागली. "आमच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येतं. आई नुसत्या वासावरून सांगते, हे प्यायचं, हे धुण्याचं. वीस वर्षं ती हेच करतेय. मला... मला आईच्या नाकाला निवृत्त करायचंय."

नाएल तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. तेवढ्यात मागच्या सीटवरची म्हातारी कडाडली, "दिली! शिष्यवृत्ती दिली! आता ते दात झाका बाई, मला मळमळतंय!"

शुरूक वीस मिनिटं उशिरा पोहोचली, तरीही एप्रिलमध्ये निवडीचं पत्र आलं. तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. दर गुरुवारी ती काही ना काही निमित्त काढून नाबलुसला जायची, आणि नाएल टॅक्सीतळावर तीळ लावलेला गरम पाव घेऊन उभा असायचा. पाव अर्धा अर्धा व्हायचा. मोठा तुकडा कुणाचा, यावर भांडणही व्हायचं, आणि ते भांडण लवकर मिटू नये अशी दोघांचीही इच्छा असायची.

घोडं अडलं ते घरातच. तिचे वडील अबू रामी, छावणीतले पावाच्या भट्टीवाले. थोरला रामी आठ वर्षांपूर्वी दोन वर्षांसाठी म्हणून जर्मनीला गेला. आधी हा कागद अडला, मग तो. आता शुक्रवारी फोनवर दिसायचा तेवढाच. आणि आमच्याकडची रीत अशी की आईबापाला थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारायची, अबू रामी म्हणजे रामीचा बाप, उम्म रामी म्हणजे रामीची आई. पाव घ्यायला आलेलं पोरसुद्धा दिवसभर त्या माणसाला ‘अबू रामी, अबू रामी’ करायचं. ती जखम भरणार तरी कशी?

"जॉर्डनचा पूल ओलांडून जायला पाय लागतात पोरी, परत यायला कागद लागतात," ते हातावरचं पीठ झटकत म्हणाले. "इथंच शीक. इथंच लग्न कर. उद्या चांगल्या घरची जाहा मागणी घालायला आली तर हसत हो म्हणेन."

ते ओरडले असते तर शुरूक भांडली असती. पण ते अगदी हळू, विनवल्यासारखे बोलत होते. त्यांना असं सोडून चोरासारखं जाणं तिला जमणारं नव्हतं, आणि विद्यापीठाला रविवारपर्यंत कळवायचं होतं.

गुरुवारी तिने हे सगळं नाएलला सांगितलं. तो बराच वेळ पावाचा तोच घास चावत राहिला.

"उद्या मी आजोबांना घेऊन येतो," तो शेवटी म्हणाला. "जाहा घेऊन."

"काय? नाएल, अरे मी काय सांगतेय आणि तू..."

"कॉफी करून ठेव."

टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला, आणि बोलणं तिथंच राहिलं. घरी जाईपर्यंत शुरूकचे डोळे भरून आले होते. जाहा म्हणजे घराण्यातली वडीलधारी माणसं, मुलीला मागणी घालायला येतात ती. म्हणजे हाही तसलाच निघाला! तिला इथंच अडकवून ठेवायची संधी मिळाली, आणि त्याने ती साधली. वाईट याचं वाटत होतं की त्याने हेच पुढे दोन वर्षांनी विचारलं असतं तर तिने उडी मारून हो म्हटलं असतं.

शुक्रवारी नमाजानंतर नऊ माणसं आली. पुढे काठी टेकत नाएलचे आजोबा हाज सुबही, सगळ्यांत मागे खाली मान घातलेला नाएल. आई, उम्म रामी, आनंदाने स्वयंपाकघरात भिरभिरत होती. शुरूकने रागारागाने वेलदोडा घालून इतकी कडू कॉफी उकळली की मेलेला माणूस उठून बसावा.

कप मांडले गेले. हाज सुबहींनी आपला कप न पिता समोर ठेवला, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी. मागितलेलं मिळाल्याशिवाय जाहा कॉफीला तोंड लावत नाही. आणि जाहा न पिता दारातून गेली, तर त्या घराला जन्मभर मान वर करता येत नाही.

"अबू रामी, तुझ्या दारी काही मागायला आलोय."

"घर तुमचंच आहे, हाज. मागा की!" अबू रामींचा चेहरा खुलला होता.

"तुझी मुलगी शुरूक..."

उम्म रामीला कुठला धीर! स्वयंपाकघरातून तिने आनंदाची लांबलचक किलकारी ठोकून दिली. ती संपायच्या आतच हाज पुढे म्हणाले, "...तिला शिकायला स्कॉटलंडला जाऊ दे."

किलकारी मध्येच तुटली. पडद्याआड शुरूकच्या हातातला चमचा खाली पडला.

"हाज," अबू रामी चाचरले, "तुम्ही... मागणी घालायला आलात ना?"

"ही मागणीच आहे. नातवाने रात्रभर डोकं खाल्लंय माझं. आयुष्यात पन्नास जाहा नेल्या, पण असलं मागणं पहिलंच."

"मला कोंडीत पकडलंत तुम्ही."

"पकडलं खरं."

"एक गेला तो गेला, हाज. आता ही पण..."

"ठाऊक आहे. तुला हाक मारताना आमच्याही घशात अडकतं ते. पण हिला दारात अडवून रामी परत येणार आहे का? तसं असेल तर सांग. मीही काठी घेऊन दारात बसतो."

कपांवरची वाफ विरत गेली.

"कॉफी निवतेय, अबू रामी," हाज हळूच म्हणाले.

अबू रामींनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली मुलीची पावलं दिसत होती, एकावर एक चढवलेली. लहानपणी घाबरली की ती अशीच उभी राहायची.

"प्या," ते डोळे पुसत म्हणाले. "प्या, हाज. दिली परवानगी."

सगळ्यांनी कप उचलले, आणि एकजात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. पाहुणे निघाले तेव्हा अबू रामींची नजर कोपऱ्यातल्या एका कपावर गेली. काठोकाठ भरलेला, नाएलच्या पुढ्यात.

"तू नाही प्यायलास रे?"

"माझं मागणं राहिलंय, काका," नाएल कानापर्यंत लाल झाला. "पण... ते तुमच्याकडे नाही."

अबू रामींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हाक मारली, "शुरूक! हा पोरगा कॉफी पीत नाहीये. तूच बघ काय ते." आणि दार सताड उघडं ठेवून ते पाहुण्यांना पोचवायला गेले.

शुरूक समोर येऊन उभी राहिली. डोळे लाल, ओठांवर हसू.

"कालपासून तुला शिव्या घालतेय मी."

"कॉफी बघूनच कळलं."

"दोन वर्षं मी इथं नसेन, नाएल."

"माहितेय. ती दोन वर्षं मीच तर मागून घेतली."

"आणि माझंही रामीसारखं झालं तर? परतीचा कागद अडला तर?"

"तर मी येईन. दात काय, सगळीकडेच पडतात." तो हसला. "शुरूक... तू माझी आहेस का? तिथं असलीस तरी?"

अंगणात अबू रामी निघालेल्या पाहुण्यांना तिसऱ्यांदा तब्येत विचारत होते.

"पी," शुरूक म्हणाली.

ती गार, कडूजहर कॉफी नाएल थेंबही न ठेवता प्यायला.