तिसरं बूच

"अवं म्याडम! बूच लावलं का?"

होळीनंतरच्या पहिल्याच रविवारी रितिकाने एकटीने होडी पाण्यात ढकलली होती, आणि काठावरून कुणी अनोळखी माणूस ओरडत होता. तिने खाली पाहिलं, तर पाणी घोट्यापर्यंत! काटोल रोडचा तो तलाव होडीच्या तळाच्या भोकातून खुशाल आत येत होता. त्याने कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडी काठाला ओढली, आणि भिजलेल्या रितिकाकडे बघून तो इतका हसला... की तिला रागवायचंही सुचेना. तो प्रीतम. रितिकाच्या बाबांच्या तलावाकाठच्या घराचे राखणदार दादाजीकाका, त्यांचा भाचा. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात कंत्राटी फिटर, आणि मामांची कंबर धरल्यापासून दर रविवारी इथे मदतीला.

तेव्हापासून नागपूरला धरमपेठेत राहणाऱ्या रितिकाला दर रविवारी तलावाकाठच्या घरी काही ना काही काम निघू लागलं. "एवढं काय विसरून येतेस गं तिथे?" आई विचारायची. काय ते तिचं तिलाच ठाऊक!

आज मात्र दिवाळीनंतरचा रविवार होता. थंडीत तलावावर परदेशी बदकं उतरतात, त्यांना त्रास नको म्हणून होळीपर्यंत घर आणि होड्या बंद, हा बाबांचा नियम. गाद्या गुंडाळून झाल्या होत्या, खिडक्या लावून झाल्या होत्या. तिन्ही होड्या शेडमध्ये टायरांवर पालथ्या घालायच्या, बुचं काढून खिळ्याला टांगायची, की कुलूप! मग प्रीतम पाचच्या बसने निघणार, आणि उद्या भुसावळ... पक्की नोकरी. आठ महिन्यांत दोघांनी जगातल्या सगळ्या विषयांवर गप्पा हाणल्या होत्या, तेवढा एक विषय सोडून. आज कुलूप लागलं की संपलंच!

"दोनच बुचं हायेत," खिळ्याकडे बघत प्रीतम म्हणाला. "तिसरं कुठी गेलं?"

"मला काय माहीत?" रितिका भिंतीकडे वळली. मुठीत धरलेलं ओढणीचं टोक तिने आणखी घट्ट आवळलं.

तो शोधू लागला. टायरांमागे, वल्ह्यांखाली, घमेल्यात. साडेचार... पावणेपाच... तो ओणवा होऊन धूळ झाडत होता आणि तिला अपराधी वाटत होतं. सांगून टाकावं का? पण सांगितलं की तो निघणार!

"राहू द्या ना," ती शेवटी पुटपुटली, "तुमची बस जाईल."

"जाऊ द्या. बुचाबिगर शेड बंद कशी करू?"

तेवढ्यात लांबून बसचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा... मग आवाज वळणापलीकडे विरला. रितिकाचा चेहरा उतरला. आपल्यापायी याची बस चुकली!

प्रीतम मात्र सावकाश उठला, हात झटकले आणि समोर येऊन उभा राहिला.

"ओढणीले गाठ काहून मारली?"

तिने ओढणी पाठीमागे लपवली. "तुम्ही... कधी पाहिलं?"

"तुमी मारून राहिल्या होत्या, तवाच."

"मग इतका वेळ शोधत काय होतात?"

"बस जाऊन राहिली होती ना," तो मान खाली घालून म्हणाला. कान लालबुंद झाले होते त्याचे. "म्हटलं, जाऊ द्यावं तिले. तुमच्या स्कूटरवर मांगं बसून नागपूरपावतर जाता येईन... तेवढाच एक घंटा आणखी. आवडता तुमी मले. कवापासूनच."

रितिकाला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. तिने ओढणीची गाठ सोडली. बूच मात्र खिळ्याला न टांगता त्याच्या तळहातावर ठेवलं.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "हे भुसावळला घेऊन जा. होळीला परत आण."

"अन् नाही जमलं तर?"

"तर मी बूच न लावताच होडी ढकलीन. आणि ऐक... मला पोहता येत नाही."

"आता सांगून राहिली वं?" त्याने घाबरून बूच शर्टाच्या खिशात घातलं आणि वर हात दाबून धरला. "येतो मी. होळीच्या आदल्या दिवशीच येतो!"

खिळ्यावर दोनच बुचं ठेवून रितिकाने शेडला कुलूप लावलं.