भरदुपारची लांब सावली

"बाहेर व्हा आधी! पोरांचं काय काम हाय इथं?"

बद्रीनाथकाकांनी तनुजाचा दंड धरून तिला सभेतून बाहेर काढलं. मागोमाग चारुता आणि हिमांशूलाही!

तनुजा करमाडची, बद्रीनाथकाकांची पुतणी. शाळेसाठी ती शहरात, उस्मानपुऱ्यात मावशीकडे राहायची. चारुता तिच्याच वर्गात, आठवीत. हिमांशू हा चारुताचा धाकटा भाऊ, आकाशाचं वेड लागलेला. तिघं सुट्टीत मोसंबीच्या बागेत हुंदडायला आले होते. पण गाव बागाच विकायला निघालं होतं!

याला कारण इंद्रजीत. आठवड्यापूर्वी तो पांढऱ्या गाडीतून आला आणि पटांगणात लोखंडी खांब रोवून बसला. खांबावर सौरपट्टी, खाली डब्यात उन्हाचा आकडा. "सूर्य आकाशगंगेतल्या काळ्या, थंड ढगात शिरलाय," तो सांगायचा. "ऊन रोज घटतंय. दोन वर्षांत बागा संपतील. आमची कंपनी आहे म्हणून पडत्या भावात का होईना, जमिनी घेते तरी!" उकाडा तर तसाच आहे, असं कुणी म्हटलं की तो हसायचा. "ती जमिनीत साठलेली धग. तीही जाईल."

उद्या दुपारी कागदांवर सह्या होणार होत्या.

"सगळंच खोटं आहे का रे?" तनुजानं विचारलं.

"तेच तर! सगळं खोटं नाही," हिमांशू म्हणाला. "सूर्य आकाशगंगेत खरंच फिरतो, सेकंदाला दोनशेवीस किलोमीटर! वीस-तीस लाख वर्षांपूर्वी तो एका दाट ढगातून गेला असेल आणि त्यामुळे पृथ्वी गारठली असेल, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. बाकीचे म्हणतात, पुरावा अपुरा आहे. पण असे बदल व्हायला हजारो वर्षं लागतात. आठवडा नाही!"

"हे काकांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी हात उगारला."

चारुताचं लक्ष मात्र पटांगणाच्या भिंतीवर इंद्रजीतनं लावलेल्या फलकाकडे होतं. खांबाचे पाच दिवसांचे पाच फोटो. प्रत्येकाखाली लिहिलेलं : दुपारी ठीक बारा. आकडे शहाण्णववरून बावन्नवर आलेले.

"ए, इकडे या!" ती कुजबुजली. "पहिल्या फोटोत सावली जवळजवळ नाहीच. आणि पाचव्यात बघा, खांबापेक्षाही लांब! मे महिन्यात, बारा वाजता?"

हिमांशूनं टाळीच वाजवली. "आपल्याकडे या दिवसांत सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. सावली पायाखाली! हा फोटो चार वाजताचा आहे!"

"मग आत्ताच मोजू. बारा वाजतच आलेत," तनुजा म्हणाली. तिनं घरून पहार आणली, गवंड्याचा ओळंबा लावून ती खांबाशेजारी अगदी सरळ उभी केली. चारुतानं मोबाइल काढला आणि फोटो घेतला...

"काय चाललंय रे?" इंद्रजीतचा ड्रायव्हर धावत आला. त्यानं लाथेनं पहार पाडली, मोबाइल हिसकावला आणि फोटो पुसून टाकला. मागून इंद्रजीत आला. तो ओरडला नाही, तेच जास्त भीतिदायक होतं.

"बद्रीनाथराव, तुमची पोरं यंत्राशी छेडछाड करताहेत. यंत्र बिघडलं तर सौदा रद्द!"

काकांचा चेहरा लाल झाला. "उद्या सकाळच्या एसटीनं तिघंबी उस्मानपुऱ्याला! तोंड दाखवू नका मला!"

गावातही कुणी त्यांच्याशी धड बोलेना. "शहरात शिकून लई शहाणी झालीत," असं ऐकू येत होतं. फक्त बद्रीनाथकाकांच्या बायकोनं, द्वारकाकाकूंनी, पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं.

"सकाळच्या एसटीनं नाय, दुपारच्या," त्या शेवटी म्हणाल्या. "बारापतोर मी जाऊ देत नाय. खरं असंल तर चारचौघांत दाखवा. खोटं असंल तर मीच कान धरून एसटीत बसवीन!"

दुसऱ्या दिवशी बाराला पटांगण भरलं. टेबलावर कागद, पेनं. सौरपट्टीवर, धुळीपासून जपायला म्हणून, कापड बांधलेलं.

"साहेब, एकच प्रश्न," चारुता पुढे झाली. "हे सगळे फोटो बाराचेच?"

"हाकला त्यांना!" कुणीतरी ओरडलं.

"थांबा!" द्वारकाकाकू मध्ये उभ्या राहिल्या. "साहेब, जवाब द्या."

"ठीक बाराचे," इंद्रजीत फणकारला. "शपथेवर सांगतो!"

"मग खाली बघा!" तनुजानं खांबाकडे बोट केलं. सावली बुंध्याशी गोळा झाली होती, वीतभरसुद्धा नव्हती. चारुतानं फलकावरचा पाचवा फोटो काढून उंच धरला. गर्दी पुढे सरकली.

"सूर्य... सूर्य कललाय ढगामुळे!" इंद्रजीत म्हणाला.

"मग आज परत सरळ झाला का?" हिमांशू ओरडला.

ड्रायव्हर धावायच्या आत तनुजानं पट्टीवरचं कापड ओढलं. डब्यातला आकडा झरझर चढला. साठ... ऐंशी... सत्त्याण्णव!

मग एकच गलका उठला! "चोर! लुबाड्या! धरा त्याला!" इंद्रजीत गाडीकडे पळाला, पण गाडीपुढे कुणीतरी बैलगाडी आडवी लावली होती. पोलिस येईपर्यंत तो काचा वर करून, घामानं निथळत आत बसून राहिला.

बद्रीनाथकाकांनी टेबलावरचा आपला कागद उचलला आणि टराटरा फाडला. तनुजाच्या नजरेला नजर देणं त्यांना जड जात होतं.

"चुकलो म्या," ते सर्वांसमोर म्हणाले. "हातात पेन घेतलं व्हतं. तुम्ही तिघं नसता तर चाळीस वरसांची बाग गेली असती. लई हुशार अन् लई धीराची पोरं तुम्ही!" मग हिमांशूजवळ उकिडवं बसून त्यांनी विचारलं, "काल तुझ्यावर हात उगारला म्या. आता नीट सांग. त्या ढगाचं खरं काय?"

"खरं सांगू? ते अजून शोधताहेत, काका."

काकांनी मान हलवली आणि गर्दीकडे वळून हाक दिली, "शोधू द्या त्यांना! तवर चला, बागंला पाणी सोडायचंय!"