थापाडं बाक

मुजावर सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "फोडलं तुझं बाक."

सुमेधा हत्तुरे हसली. तिला वाटलं, सर गंमत करतायत. सोलापूरच्या या प्रयोगशाळेत जिवाचं रान करून तिने तळ्याकाठची बाकं तयार केली होती आणि दिवाळीआधीच ती चाचणीसाठी तळ्यावर मांडलीही होती. फिरोज मुजावर हे तिचे संख्याशास्त्राचे गुरू, आणि यंत्रणा फोडून दाखवा म्हणून तिनेच त्यांना बोलावलं होतं. सोमवारी महापालिकेच्या सभेत निर्णय व्हायचा होता. एक तर तळ्याभोवती तिची बाकं कायम, नाहीतर खांबाखांबावर कॅमेरे. तळ्यावर कोण कोणाबरोबर बसलं हे शहराला कधीच कळणार नाही, असं ती चार लोकांत छातीठोकपणे सांगून बसली होती.

बाकाची करामत तशी साधी. बैठकीखाली वजन ओळखणारी एक भारपट्टी होती. बाक रिकामं आहे, एक जण आहे की दोघं, एवढंच तिला समजायचं. दर पाच मिनिटांनी ही खबर शहराच्या संगणकाकडे जायची, पण त्याआधी बाक मनातल्या मनात एक नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं सांगायचं, काटा पडला तर वाटेल ते ठोकून द्यायचं. त्यामुळे बाक "दोघं" म्हणालं तरी ते खरं की थाप, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नव्हतं. पण शेकडो बाकांची बेरीज केली की थापा किती असणार हे ठाऊक असल्याने त्या वजा करता येत, आणि दिवे किती हवेत, बस किती हव्यात ते बरोबर निघे. फाटकावरच्या पाटीवर रिकाम्या बाकांचे नंबरही झळकत. ते पुष्कळदा चुकत, पण फिरायलाच आलेल्या माणसाला चार पावलं जास्त पडली तर बिघडलं कुठे?

"बेचाळीस नंबर," सर म्हणाले. "पुष्कळ बाकांच्या थापा वजा होतात, तशा एकाच बाकाच्या रोजच्या थापाही वजा होतात की. एकदा मारलेली थाप पचते. सारखी नवी मारायला गेलं की पितळ उघडं पडतं. तिथे रोज संध्याकाळी दोघं येतात आणि दिवे लागले की उठतात."

"येत असतील. नाव तर कळत नाही ना?"

"ओळखीच्याला नाव कशाला लागतं? खूण पुरते. दिवाळीनंतर आठवडाभर त्यातलं एकच माणूस आलं. रोज आलं, तेवढाच वेळ एकटं बसलं. मग पुन्हा दोघं."

सुमेधाने मनाशी दिवस मोजले. दिवाळीनंतर अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते आठवडाभर घरात होते, आणि संध्याकाळ झाली की खोली ते व्हरांडा येरझाऱ्या घालत होते. अप्पा, म्हणजे तिचे वडील रेवणसिद्ध हत्तुरे, एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून गुडघ्यांसाठी तळ्यावर चालतो, असं ते म्हणत. गुडघ्यांना इस्त्रीचा सदरा कशाला लागतो, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

आधी तिला हसू फुटलं. मग डोळे भरून आले. अप्पांसाठी कोणीतरी आठवडाभर एकटं बसून राहिलं होतं. आणि मग तिला स्वतःचाच राग आला. बापाने न सांगितलेली गोष्ट तिच्याच बाकाने चुगली करून तिला सांगितली होती.

सरांनी तिचा चेहरा पाहिला. "ओळखीचं निघालं वाटतं. मी काही विचारत नाही."

"सर, मग थाप एकदाच ठरवायची," ती सावकाश म्हणाली. "प्रत्येक बाकाने जन्मात एकदाच नाणं उडवायचं. छापा पडला तर ते कायम खरं बोलणार. काटा पडला तर त्याला एक कल्पित दिनक्रम चिकटवायचा. कोण कधी येतं, कधी दांडी मारतं, सगळं रचलेलं. तेच त्याने जन्मभर सांगायचं. आणि नाणं कसं पडलं, हे आपल्यालाही कळता कामा नये."

"म्हणजे वर्षभर बेरीज केली तरी हाती येईल ती जोडी खरी की मनातली, कळणार नाही. निम्म्या तळ्यावर भुतं बसवतेस की."

"बसू देत. भुतांना कोणी नावं ठेवत नाही."

नवी रीत त्याच दिवशी लागू झाली. सरांनी पुन्हा कंबर कसली. सतरा नंबरवर रोज सकाळी एक जोडपं बसतं, असं त्यांनी छाती फुगवून जाहीर केलं आणि प्रत्यक्ष पाहायला गेले, तर बाकावर एक कुत्रं ऐसपैस झोपलेलं. सरांनी हात टेकले. सोमवारी सभेत बाकं मंजूर झाली.

अप्पांना काही विचारायचं नाही, असं सुमेधाने ठरवलं होतं. सांगतील तेव्हा सांगतील. त्या आठवड्यात ती एका संध्याकाळी तळ्यावर गेली, ती फक्त पाटी बघायला. पाटीवर ठळक अक्षरांत झळकत होतं: रिकामं, ४२.

"चला, बेचाळीस नंबर मोकळा आहे," तिच्या पुढचा माणूस बायकोला म्हणाला आणि पोरंबाळं घेऊन चालू लागला.

या वेळी अप्पा तिथे असणारच, हे सुमेधाला ठाऊक होतं. म्हणजे बेचाळीसला काटा पडला होता, आणि त्याच्या नशिबी आली होती रिकामी संध्याकाळ. या लोकांना अडवावं, तर तिथे दोघं बसलेत हे तुला कसं माहीत, असं ते विचारणार. जे जाणून घ्यायचा तिला हक्क नव्हता तेच तोंडाने सांगावं लागलं असतं. ती त्यांच्या मागे निघाली.

बाकावर इस्त्रीच्या सदऱ्यात अप्पा होते. शेजारी पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या तोंडाच्या एक बाई होत्या. आणि बाकाभोवती गवतावर अनोळखी दहाबारा माणसं ऐसपैस बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात होती.

"या, बसा की," बाई नव्या कुटुंबाला म्हणाल्या. "पाटी बघूनच आलात ना? आठवडा झाला, अख्खं सोलापूर आमच्याच बाकावर बसायला येतंय. आता आम्ही डबाच मोठा आणतो."

तेवढ्यात अप्पांनी सुमेधाला पाहिलं. ते गडबडून उठले, सदरा सारखा केला. "सुमे, या शकुंतलाबाई गड्डम. तुला सांगणारच होतो गं. तुला कसं कळलं?"

"मला कुठे काय कळलंय, अप्पा?" सुमेधा म्हणाली. "पाटीवर रिकामं दिसलं, म्हणून बसायला आले."

शकुंतलाबाई तिच्याकडे पाहून हसल्या आणि त्यांनी बाकावर सरकून जागा केली.