कॉम्पेनसेटरचा नट

सासऱ्यांची क्रूझर मोटरसायकल माझ्या नवऱ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. सासरे जाऊन वर्ष झालं. नऊ महिन्यांच्या आमच्या छकुलीला त्यांनी पाहिलंच नाही. गाडीचं बटण दाबलं की इंजिनाच्या डाव्या बाजूने ‘ठण्ण’ असा आवाज यायचा, कुणी आतून हातोडा मारल्यासारखा, आणि मगच ती सुरू व्हायची. सोमवारपासून नवऱ्याची नवी नोकरी, तीही पन्नास किलोमीटरवर, आणि जायचं याच गाडीवरून.

“कॉम्पेनसेटर गेलाय,” गॅरेजवाले मेस्त्री म्हणाले. “इंजिनाचे झटके हा आपल्या स्प्रिंगांवर झेलतो, पुढे चाकापर्यंत जाऊ देत नाही. दमलाय बिचारा. नवा घालू.”

गाडी तीन दिवस गॅरेजात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छकुलीला भरवत होते, तेव्हा अंगणातल्या गाडीच्या रिकाम्या शेडमधून तोच आवाज आला. ठण्ण. छकुलीने तोंडातला घास तसाच ठेवून दाराकडे पाहिलं आणि हात हलवला. टाटा करायला तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं. घड्याळात पावणेनऊ. सासरे याच वेळेला कामावर निघत.

“तुझ्या कानांना चार दिवस रजा दे,” नवरा हसला. पण मग शेडमध्ये डोकावून आला.

शनिवारी दुपारी गाडी आली. तक्रारीचा एक शब्द न काढता सुरू झाली. नवऱ्याने माझ्याकडे ‘बघ’ अशा नजरेने पाहिलं, इंजिन बंद केलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

किल्ली माझ्या मुठीत असताना गाडीतून तोच ‘ठण्ण’ आवाज आला.

या वेळी त्यालाही ऐकू गेला.

“मेस्त्रींना बोलाव,” मी म्हटलं. “नाहीतर सोमवारी बसने जायचं. मला काही सांगू नकोस.”

रविवारी सकाळी मेस्त्री कुरकुरत घरी आले. “वहिनी, चाळीस वर्षं हेच करतोय हो मी.” शेडमध्ये चादर पसरून त्यांनी हत्यारं मांडली आणि डावं कव्हर काढलं. आत एक मोठं, एक लहान अशी दोन दातेरी चक्रं, त्यांवर साखळी. लहान चक्राच्या मधोमध कॉम्पेनसेटरचा नट. मेस्त्रींनी त्याला सहज बोटं लावली, आणि नट बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

त्यांचा चेहरा उतरला.

“आट्यांवरचं तेल पुसायचं राहिलं. नट सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद तेलावरच लावला मी.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “रस्त्यात निसटला असता. चाक जाम.”

नवऱ्याने छकुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मेस्त्रींनी आटे तीनदा पुसले, नवा गोंद लावला. लांब पाना घालून, अंगाचा सगळा भार टाकून नट आवळला. पाना ‘कट’ वाजला. नट हवा तेवढा घट्ट झाला की तो असा वाजतो.

तेवढ्यात माझं लक्ष छकुलीकडे गेलं. चादरीवरची बोटभर लांब लोखंडी पट्टी तिच्या मुठीत, एक टोक तोंडात. माझा जीवच गेला. पट्टी ओढून घेतली, तिचं तोंड पुसलं, हिरड्या पाहिल्या.

“मेस्त्री, ही तुमचीच ना? केव्हापासून चघळतेय कोण जाणे!”

मेस्त्री पट्टीकडे बघतच राहिले.

“ही दोन चक्रांच्या मध्ये अडकवतात,” ते हळूच म्हणाले. “त्याशिवाय साखळीच फिरत राहते. नट आवळला जातच नाही. आणि मी ती घातलीच नव्हती.”

त्यांनी पाना पुन्हा लावला. जोर दिला.

कट.

साखळी तसूभरही हलली नाही.

नवरा गुडघ्यांवर बसला. एक बोट त्याने साखळीवर ठेवलं, तापलेल्या कपाळावर ठेवावं तसं.

“झालं, बाबा,” तो म्हणाला. “सोडा आता.”

साखळी अर्धी कडी मागे सरकली आणि सैल पडली.