लवजी शेठच्या बंगल्यातली शिळा

"अरभमभाई, लगेच या. शिळा फोडलीय कोणीतरी."

फोनवर रंजनबेन थानकी होत्या, परिचारिका विद्यालयाच्या प्राचार्या. कितीही गंभीर रुग्ण समोर आला तरी त्यांचा आवाज हलत नसे. आज हलला होता.

अरभम केशवालांनी गाठियांची बशी तशीच सोडली आणि स्कूटर काढली. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पोरबंदरात काही घडलं की लोक आधी त्यांनाच हाक मारत.

विद्यालय म्हणजे लवजी शेठचा जुना बंगला. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली, सायीच्या रंगाच्या दगडाची दुमजली वास्तू. शेठनं आफ्रिकेच्या व्यापारात कमावलं आणि इथे दगडात ओतलं. पुढे वारसांनी बंगला शाळेला देऊन टाकला.

मुख्य दरवाजाच्या वर आज सकाळपर्यंत एक कोरीव शिळा होती. आता तिथे खबदड होती. पायरीवर दगडाचा चुरा आणि दोन-चार अक्षरांचे तुकडे.

हरकिसन रायचुरा त्याच पायरीवर बसले होते. विद्यालयाच्या मंडळाचे सचिव, इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि अरभमभाईंचे शाळेपासूनचे मित्र.

"बघ, अरभम," ते म्हणाले. "आज राजकोटहून वारसा समिती यायची आणि आजच हे. त्या वेजानंच केलं. त्याला इथे हॉटेल बांधायचंय. काल संध्याकाळी त्याचा माणूस इथे घुटमळत होता."

अरभमभाईंनी एक तुकडा उचलला. त्यावर फक्त 'छप्पन' एवढंच उरलं होतं.

संवत छप्पनच्या, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात भुकेल्या हातांना काम मिळावं म्हणून लवजी शेठनं हे घर बांधलं, असं त्या शिळेवर कोरलेलं होतं. बारा वर्षांपूर्वी मंडळ बंगला विकायला निघालं होतं, तेव्हा डागडुजीत गिलाव्याखालून ती बाहेर आली आणि विक्री थांबली. आता तिच्याच जोरावर वारसा वास्तूच्या दर्जासाठी अर्ज गेला होता. अर्जाला साक्षीदाराचं निवेदन जोडलं होतं, अरभम केशवाला यांचं. 'शिळा बाहेर येताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.'

आणि ती पाहिलीच होती त्यांनी. हरकिसननं त्या दिवशी चहाला बोलावलं होतं. बाकीच्या भिंतीवर गवंड्याची छिन्नी उडत होती, पण दरवाजावरचा गिलावा हातानंच लोण्यासारखा निघाला. देवाचीच इच्छा, असं तेव्हा सगळे म्हणाले. "तुझा पणजोबाही इथेच दगड वाहत असेल," असं हरकिसन म्हणाला होता. अरभमभाईंनी आपल्या थकलेल्या आईला रिक्षात घालून इथे आणलं होतं. खुर्चीवर उभं करून तिचा हात शिळेला लावला होता.

त्यांनी वर पाहिलं. खबदडीच्या लगेच वर रंगीत काचांची अर्धवर्तुळाकार खिडकी होती. एकाही काचेला ओरखडा नव्हता. बाजूच्या कोरीव वेलीत कापसाचे पुंजके अडकले होते.

"रंजनबेन, शिडी कुठे असते?"

"भांडारात. कुलूप तसंच आहे, तोडलेलं नाही."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक मंडळाकडे."

"सकाळी इथे कोण होतं?"

"कोणीच नाही. मुलींना घेऊन मी रुग्णालयात गेले होते. चौकीदार माधवपूरच्या जत्रेला गेलाय."

"भांडारात गाद्या असतात?"

"जुन्या कापसाच्या आहेत. का हो?"

"एखादी फाटलेली, चुऱ्यानं भरलेली सापडते का बघा."

एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. वेजाभाई मोढवाडिया, बांधकाम व्यावसायिक, स्वतःच उतरले.

"माझं नाव घेतलं जातंय असं ऐकलं. म्हटलं, आपणच जावं."

"काल संध्याकाळी तुमचा माणूस इथे काय करत होता?"

"शिळेचे फोटो काढत होता."

"कशाला?"

"मी हरकत घेतलीय, साहेब. शिळा भिंतीतून काढा आणि मागून-पुढून तपासा, असा अर्ज दिलाय. समितीनं तो मान्य केला. आज ती निघणार होती. मी कशाला फोडू? मी तर तिच्या राखणीला माणूस बसवला असता."

"शिळा काढणार हे इथे कोणाला माहीत होतं?"

"समितीनं विद्यालयाला कळवलं होतं."

रंजनबेन म्हणाल्या, "मला नाही कोणी कळवलं."

अरभमभाई बोगनवेलीच्या वाफ्याकडे वळले. शिळा चांगली वीतभर जाडीची. पायरीवरचा चुरा मात्र टोपलीभरही नव्हता. बाकीचा दगड कोणीतरी उचलून नेला होता. समोर रस्त्यापलीकडे समुद्रच. पण उंचावरून फोडताना तुकडे लांब उडतात. वाफ्यात त्यांना एक सापडला, तळहाताएवढा. त्यांनी तो पालथा केला आणि त्याच्या सपाट बाजूवरून अंगठा फिरवला. मग तुकडा रुमालात बांधला.

दुपारी समितीच्या वास्तुतज्ज्ञ फाल्गुनी वसावडा आल्या. सगळे खालच्या दिवाणखान्यात बसले. चहा आला, पण कोणी कपाला हात लावला नाही.

"फोडणाऱ्याला ही वास्तू आवडते," अरभमभाईंनी सुरुवात केली. "घणाचे घाव घालताना त्यानं वरच्या काचांपुढे गादी टांगली. गादी भांडारात सापडली, चुऱ्यानं माखलेली. बंगला पाडायला निघालेला माणूस काचा जपत बसत नाही. काम झाल्यावर शिडी जागेवर ठेवून त्यानं कुलूपही लावलं. त्याच्याकडे किल्ली होती."

"पण आवडते तर फोडली कशाला?" रंजनबेननी विचारलं.

"मागची बाजू कोणी बघू नये म्हणून." त्यांनी रुमाल उघडला. "फाल्गुनीबेन, हे बघा."

तुकड्याची एक बाजू सपाट होती. तिच्यावर बारीक, वळणदार रेघा होत्या, एकसारख्या.

"यंत्राचं गोल पातं," फाल्गुनीबेन हळूच म्हणाल्या.

"मी खाणींच्या गावात वाढलोय. लवजी शेठच्या काळात दगड छिन्नीनं निघायचा. अशी पाती खाणीत आली तेव्हा मी नोकरीत होतो. ही शिळा जुनी नाही. कोणीतरी ती कोरून घेतली, भिंतीत बसवली आणि वर ताजा गिलावा फासला. म्हणून तो हातानं निघाला. त्या डागडुजीवर देखरेख एकाच माणसाची होती. मंडळाची किल्ली त्याच्याकडे असते, समितीची पत्रंही त्याच्याकडेच येतात." ते वळले. "हरकिसन, बाकीचा दगड समुद्रात टाकलास ना?"

हरकिसननी चष्मा काढला.

"मंडळ बंगला विकत होतं," ते म्हणाले. "मी सगळ्यांचे पाय धरले. दगड सुंदर आहे, काम सुंदर आहे, सांगून सांगून थकलो. लोकांना गोष्ट लागते, अरभम. मी एक दिली. तिच्यामुळेच हे छप्पर आजवर टिकलं. आणि तेवढं एक खोटं सोडलं तर बाकी काय चुकलं माझं?"

"या घराला गोष्टीची गरज नव्हती," फाल्गुनीबेन म्हणाल्या. "दुहेरी भिंत, वाऱ्याच्या वाटा, चुन्याशिवाय जुळवलेले दगड. या किनाऱ्यावर असं दुसरं घर मी पाहिलेलं नाही. मी ते बघायला आले होते. आता मात्र बनावट पुरावा आला. अर्ज मला थांबवावा लागेल."

अरभमभाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"गोष्ट रचलीस ते एक वेळ समजू शकतो. मला चहाला का बोलावलंस?"

हरकिसन चष्म्याची काच पुसू लागले.

"बोल."

"माझ्या एकट्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. तुझ्यावर सगळं गाव ठेवतं."

"म्हणून मला वापरलंस. माझी आई त्या दगडाला हात लावून रडली तेव्हा तू शेजारी उभा होतास. तिची खुर्ची तूच धरली होतीस."

"सांगावंसं वाटलं होतं. पण ती इतकी आनंदात होती..."

"ती जाऊनही सात वर्षं झाली, हरकिसन."

अरभमभाईंनी तुकडा परत रुमालात बांधला आणि ते उठले.

पुढच्या वर्षी बंगल्याला दर्जा मिळाला. नव्या अर्जावर, निव्वळ दगडाच्या आणि बांधणीच्या गुणावर. पण त्या दुपारी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घर वाचेल की जाईल, ते सांगता येत नव्हतं, आणि हरकिसन फाटकापर्यंत मागे आले ते हेच म्हणत.

"तू चौकीवर तक्रार दिलीस तर हे घर जाईल, अरभम. आजचा दिवस थांब. माझ्यासाठी नको, घरासाठी थांब."

अरभमभाईंनी स्कूटरला किक मारली.

चौकीवर ठाणे अंमलदार त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. तो खुर्ची सोडून उभा राहिला. अरभमभाई समोरच्या बाकावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःची खोटी ठरलेली साक्षसुद्धा. तो खाली मान घालून लिहीत होता.

"साहेब, आरोपी तुमच्या ओळखीचा?"

बाहेर खारा वारा सुटला होता. दार आपटत होतं. अरभमभाई उठले, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले.

"साठ वर्षं तसं वाटत होतं," ते म्हणाले. "तू 'नाही' लिही."